चिमूटभर मीठ आणि एक गोचीड



मूस हा हरिणांच्या कुळातला जगातला सर्वांत मोठा प्राणी. खांद्यापाशी दोन मीटर उंच, आणि पुरा वाढलेला नर पाच-सहाशे किलोंचा. ताडोबातला थोराड सांबरही त्याच्या निम्माच भरेल. नराची दीड मीटरहून रुंद पसरणारी शिंगे दर हिवाळ्यात गळतात आणि वसंतात नव्याने उगवतात. सप्टेंबर-ऑक्टोबरात माजावर आलेला नर पंधरवडाभर जवळजवळ अन्न सोडतो. एवढ्या जनावराला भय कुणाचे, असे विचारले की उत्तर येते, लांडग्याचे. ते खरेच आहे. पण मूसचे जगणे-मरणे त्याहून कितीतरी बारीक गोष्टींवर ठरते, आणि त्या मला आज तुमच्यापुढे मांडायच्या आहेत.

अमेरिकेच्या सुपीरियर सरोवरात आइल रॉयल नावाचे बेट आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे मूस पोहोचले, बहुधा पोहत. 1940 च्या दशकाच्या अखेरीस गोठलेल्या सरोवरावरून लांडगे चालत आले. 1958 मध्ये ड्युरवर्ड ॲलन यांनी दोघांचा अभ्यास सुरू केला, पुढे रॉल्फ पीटरसन यांनी तो अनेक दशके चालवला, आणि तो अजून चालू आहे.

या बेटावर पहिली बारीक गोष्ट कळते, ती मिठाची. समुद्रापासून दूर, हिमनद्यांनी खरवडलेल्या त्या खडकावरच्या झाडपाल्यात सोडियम नावापुरतेच असते. हिवाळाभर मूस फरच्या झाडाच्या सुया आणि कोवळ्या डहाळ्या खाऊन पोट भरतो, पण त्यातून मिठाची गरज भागत नाही. पाण्यातल्या वनस्पतींत मात्र सोडियम कैक पटींनी जास्त. म्हणून उन्हाळा आला की तो तळ्यात उतरतो. नाकपुड्या मिटतात, डोके पाण्याखाली जाते, कधी सबंध जनावरच बुडी मारते. काही क्षणांनी पाणी निथळणारे ते लांब थोबाड वर येते, तोंडात तळाची लोंबणारी वेल. शांतपणे चावायचे आणि पुन्हा खाली. पीटर जॉर्डन आणि डॅनियल बॉटकिन यांनी 1970 च्या दशकात या मिठाचा हिशेब मांडला. हिवाळ्यासाठीचा साठा मूस आपल्या पोटातल्या पहिल्या मोठ्या कप्प्यात, रवंथाच्या रसात ठेवतो, असे त्यातून पुढे आले. उत्तरेत हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात. ते चाटायला मूस डांबरावर येतो. त्याचे पाय इतके उंच की मोटारीची धडक पायांना बसते आणि धड थेट काचेवर आदळते.

दुसरी गोष्ट हाडांत सापडली. पीटरसन आणि त्यांचे सहकारी बेटावर मेलेल्या मूसचे सांगाडे गोळा करत आले. हजाराहून अधिक सांगाडे तपासल्यावर दिसले की ज्यांच्या खुब्याला संधिवात होता, त्यांची पायांची हाडे आखूड होती. म्हणजे उपासमार झाली होती ती गर्भात किंवा पाडसपणी, आणि तिची वसुली म्हातारपणी झाली. लंगडणारे जनावर लांडगा नेमके हेरतो. मग त्या मूसला मारले कुणी? माझ्या मते निम्मा वाटा त्या जुन्या उपाशी हिवाळ्याचा. उपासमार लांडग्याविनाही मारते. 1990 च्या दशकाच्या मध्यास बेटावर सुमारे 2,400 मूस होते आणि लांडगे मोजकेच. कडक हिवाळा आणि संपलेला चारा यांनी थोड्याच काळात बहुसंख्य मूस संपवले.

आणि तिसरी गोष्ट, गोचीड. मूसचे शरीर थंडीसाठी बांधलेले आहे. केस पोकळ, कातडी जाड. हिवाळ्यात उणे 5 अंशांच्या वर पारा गेला तरी त्याला उकडू लागते. पण ऊब वाढली की उकाड्याहून मोठे संकट येते. शरद ऋतूत हिवाळी गोचिडीची पिल्ले झुडपांच्या शेंड्यावर चढतात, एकमेकांच्या पायात पाय अडकवून घोसाने लोंबकळत राहतात. मूस घासून गेला की घोसचे घोस अंगावर. बर्फ लवकर पडला तर ती मरतात. उशिरा पडला तर त्यांना आणखी कित्येक आठवडे मिळतात. अमेरिकेतल्या मेन आणि न्यू हॅम्पशायर राज्यांमध्ये एकेका पाडसावर चाळीस-पन्नास हजार गोचिडी आढळल्या आहेत. खाज सुटून ते झाडांवर अंग घासते, केस तुटून पांढुरके दिसू लागते, आणि मार्च-एप्रिलमध्ये, अन्न सर्वांत कमी असताना, रक्तच संपते. 2014 ते 2016 या काळात तिथल्या अभ्यासातली सुमारे 70 टक्के पाडसे अशी गेली.

मेन राज्याने 2021 पासून एका भागात माद्यांच्या शिकारीचे जास्त परवाने देऊन पाहायला सुरुवात केली. मूस विरळ झाले तर गोचिडीला अंगे मिळणार नाहीत, असा त्यामागचा हिशेब. पाडसे वाचवण्यासाठी माद्या मारायच्या, हे ऐकवत नाही. तरीही मला तो प्रयोग प्रामाणिक वाटतो, कारण गोचीड मूसच्या गर्दीवरच वाढते आणि लवकर पडणारा बर्फ कोणत्याही वनखात्याच्या हातात नाही.