जुन्या संगणकाच्या तबकड्या



वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचा एखादा संगणक शाळेच्या कपाटात धूळ खात पडलेला असतो. सुरू केला असता पडद्यावर हार्ड डिस्क सापडत नसल्याची सूचना उमटते, आणि यंत्र भंगारात काढण्याचे ठरते. तेथे घाई होते. डिस्क पुष्कळदा शाबूत असते. यंत्रालाच तिचा विसर पडलेला असतो. तिच्यावर जुने निकालपत्रक किंवा स्नेहसंमेलनाची छायाचित्रे असतील, तर त्यांची दुसरी प्रत बहुधा कोठेच नसते.

विसराचे कारण क्षुल्लक असते. मदरबोर्डवर रुपयाएवढा, ३ व्होल्टचा एक चपटा सेल असतो. त्यावर सीआर २०३२ असे लिहिलेले आढळते. वीज बंद असताना घड्याळ चालू ठेवणे व डिस्कविषयीची नोंद जपणे, हे त्याचे काम. १९८४ च्या आयबीएम पीसी एटीपासून सेलवर नोंद जपण्याची ही पद्धत रूढ झाली. तारीख कित्येक वर्षे मागे गेलेली दिसली की सेल संपला असे समजावे. प्लग काढून, पेटीच्या उघड्या धातूला हात लावून अंगातील स्थिर वीज घालवावी आणि नवा सेल अधिक चिन्ह वर ठेवून बसवावा. जुना सेल मुलांच्या हाती लागू देऊ नये. गिळला गेल्यास अन्ननलिकेला दोन तासांतच गंभीर इजा होऊ शकते. त्यानंतर बायॉसमध्ये डिस्कपुढे ‘ऑटो’ निवडून ती नोंद जतन करावी.

तरीही डिस्क न दिसल्यास करड्या रंगाची रुंद, चपटी केबल पाहावी. तिच्या कडेची रंगीत रेघ पहिल्या पिनेकडे यावयास हवी. एका केबलवर दोन डिस्क असल्यास जंपर लावून एक ‘मास्टर’ व दुसरी ‘स्लेव्ह’ करावी. दोन्ही मास्टर राहिल्या तर बहुधा एकही धड चालत नाही. फ्लॉपी ड्राइव्हचा दिवा अखंड जळत राहिला, तर केबल उलटी बसली आहे असे खुशाल समजावे.

डिस्कचा आवाज मात्र लक्षपूर्वक ऐकावा. संथ घरघर ठीक. टकटक ऐकू आल्यास यंत्र तत्काळ बंद करून ते जाणकाराकडे न्यावे. ठोकून पाहण्याचा आपला सार्वत्रिक उपाय येथे वर्ज्य. झाकण तर कदापि उघडू नये. वाचनशीर्ष व तबकडी यांमधील अंतर केसाच्या जाडीहून कितीतरी कमी असते, आणि धुळीचा एक कणही घात करतो.

डिस्क दिसू लागताच दुरुस्ती थांबवावी आणि प्रथम नकल घ्यावी. यंत्राला पेन ड्राइव्ह चालत नसेल, तर डिस्क काढून आयडीई-यूएसबी अ‍ॅडॅप्टरने नव्या संगणकास जोडावी. विंडोजने फॉरमॅट करावयाचे काय असे विचारल्यास नकारच द्यावा. नकल उघडून तपासावी, आणि डिस्कवर चिठ्ठी चिकटवून आतील मजकूर व दिनांक लिहून ठेवावा.