घरांतील वाद्यशाळा आणि मंदिरांतील गान

(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त मोडनिंब येथें दिलेलें व्याख्यान)



महोत्सवाच्या मंगल प्रसंगीं गत वर्षांचें सिंहावलोकन करावें व उपकारस्मरण करावें, ही रीत योग्यच आहे. परंतु ज्या गोष्टीचा निर्णय आपणांस पुढील काळाकरितां करावयाचा आहे, तिचाही विचार अशा वेळींच केलेला बरा. आपल्या तरुणांपैकीं कांहीं जण हल्लीं घरच्या घरीं संगणकावर, किंबहुना हातांतील फोनवरही, नवीं गीतें रचून त्यांस वाद्यांचा साज चढवितात. तबला, बासरी, व्हायोलिन, सारीं वाद्यें त्या एका पेटींत. वादक मात्र एकही नाहीं. वडील मंडळींपैकीं कित्येक म्हणतात, “हें संगीत नव्हे, यंत्राचा खेळ आहे, देवालयांत याचें काय काम?” तरुण म्हणतात, “आमचें गाणें एकदां ऐकून तरी घ्या.” दोन्ही पक्ष आपल्याच घरचे आहेत, म्हणून या विषयाचा थोडा ऊहापोह करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम हें यंत्र करितें काय, तें समजून घेऊं. निरनिराळ्या कारखान्यांच्या वाद्यांस एकमेकांशीं बोलतां यावें म्हणून १९८३ सालीं मिडी नांवाची सांकेतिक भाषा प्रचारांत आली. या भाषेंतून नाद जात नाहीं, केवळ आज्ञा जाते: कोणती पट्टी दाबली, ती किती जोरानें दाबली, व केव्हां सोडली. नाद येतो तो दुसरीकडून. कोणा हाडामांसाच्या तबलजीनें वाजविलेला प्रत्येक बोल, हळू, मध्यम व जोरानें, असा वेगवेगळा मुद्रित करून ठेवलेला असतो. आज्ञा पोहोंचतांच त्यांतील योग्य तो बोल बाहेर पडतो. स्टाईनबर्ग या जर्मन कंपनीनें १९९६ सालीं व्हीएसटी नांवाची योजना काढली, व १९९९ पासून तींत वाद्येंच बसूं लागलीं. २००४ सालीं ॲपल कंपनीचें गॅरेजबँड आलें. एलएमएमएस व ऑडॅसिटी यांसारखीं साधनें तर विनामूल्य मिळतात. तात्पर्य, यंत्रांतील तबल्यामागेंही एका माणसाचा हात आहे. तो येथें बसलेला नाहीं, इतकेंच.

नवें वाद्य आलें कीं त्याविषयीं शंका घेतली जावी, हें आजचें नव्हे. ज्या ऑर्गनास आपण ख्रिस्तमंदिराचें वाद्य म्हणतों, तें मुळांत ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकांत अलेक्झांड्रियाच्या क्टेसिबियसनें निर्मिलें, आणि पुढें रोमन लोकांच्या क्रीडांगणांतून तें वाजत असे. इ. स. ७५७ त कॉन्स्टंटिनोपलच्या बादशहानें फ्रँक लोकांचा राजा पेपिन यास एक ऑर्गन नजर केला. हळूहळू तो मठांत व मंदिरांत आला, आणि दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें १९६३ सालच्या आपल्या उपासनाविषयक संविधानांत त्यास मोठा मान दिला. त्याच संविधानांत असेंही सांगितलें आहे कीं, जीं इतर वाद्यें पवित्र कार्यास योग्य आहेत, वा योग्य करतां येतात, मंदिराच्या प्रतिष्ठेस शोभतात, व श्रद्धावंतांच्या उन्नतीस खरोखर साह्य करितात, त्यांस प्रवेश देतां येतो. कसोटी वाद्याच्या जन्माची नसून त्याच्या उपयोगाची आहे, हें आपण ध्यानीं धरावें.

आपली हार्मोनियमच पाहा. ती एकोणिसाव्या शतकांत पॅरिसमध्यें जन्मली, कलकत्त्यास तिला हातानें भाता हलविण्याचें रूप मिळालें, आणि भजनापासून मिस्सागानापर्यंत ती आपली होऊन बसली. तरी १९४० सालीं आकाशवाणीनें तिच्यावर बंदी घातली. ती शिथिल होण्यास १९७१ साल उजाडावें लागलें. आक्षेप अगदींच पोकळ नव्हता. हार्मोनियमचे बारा स्वर समान अंतरावर बसविलेले असतात. त्यामुळें तिचा शुद्ध गंधार, तंबोऱ्याच्या तारेंतून आपोआप उमटणाऱ्या गंधारापेक्षां, एका अर्धस्वराच्या सुमारें सातव्या हिश्श्यानें चढा लागतो. शिवाय तिच्यावर मींड निघत नाहीं. येथें एक मौजेची गोष्ट सांगावीशी वाटते: संगणकांतील वाद्याचा प्रत्येक स्वर हवा तितका उतरवितां येतो, व मींडही घेतां येते. जें पेटीस साधलें नाहीं, तें या नव्या यंत्रास साधतें. मात्र कोणता स्वर किती उतरवावा, हें कानास कळलें पाहिजे. आणि कान तयार होतो तो तंबोऱ्यापाशीं बसून.

तंबोरा आपल्यास परका नाहीं. आपल्या मोडनिंबच्या स्थानकावरून जी गाडी पंढरपुराकडे जाते, तिचाच मार्ग पुढें मिरजेस पोहोंचतो. आणि मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांस २०२४ सालीं भौगोलिक मानांकन लाभलें आहे. त्या तंबोऱ्यांचे भोपळे आपल्याच पंढरपुराच्या बाजूस पिकतात. तेव्हां ज्या मातींतून नाद उगवतो, त्या मातीवर आपण बसलों आहों. संगणक घेतला म्हणून ही मिरास टाकून देऊं नये.

आतां तरुणांची बाजू. ज्या गांवीं चार वादक एकत्र मिळणें कठीण, जेथें पेटी वाजविणारा मुलगा नोकरीसाठीं पुण्यास गेला कीं गायनवृंद मुका होतो, तेथें घरींच सर्व साज जमविण्याची सोय होणें ही लहान गोष्ट नव्हे. ए. आर. रहमान यांनीं चेन्नईस आपल्या घराच्या आवारांतच संगीतशाळा उभारिली, व १९९२ च्या ‘रोजा’ चित्रपटानें त्यांचें नांव देशभर गेलें. घरांत संगीत होत नाहीं, असें कोणीं म्हणूं नये.

परंतु दुसरें उदाहरण आपल्या अधिक जवळचें आहे. २०१६ सालचा ‘सैराट’ आपल्याच जिल्ह्याच्या करमाळा तालुक्यांत चित्रित झाला. संगणकांतील व्हायोलिनें तोंवर सर्वत्र मिळत होतीं. तरी त्याचे संगीतकार अजय-अतुल जिवंत वाद्यवृंदासाठीं थेट लॉस एंजेलिसला गेले. मनांतील चाल अजमावण्यास यंत्र पुरतें; पण शेवटीं श्वास घेणारा माणूस लागतो, हें जाणत्यांचें मत यावरून दिसतें.

येथेंच आमच्या म्हणण्याचा गाभा आहे. धोका यंत्राचा नाहीं; यंत्र गाऊं लागल्यावर मंडळी गप्प बसते, हा धोका आहे. घरीं तयार केलेलें गाणें ध्वनिक्षेपकावर लावावें व सर्वांनीं हात जोडून ऐकत राहावें, ही उपासना नव्हे. १९५८ सालच्या रोमच्या सूचनेनें आपोआप वाजणाऱ्या साधनांस उपासनाविधींत मनाई केली होती. १९७३ सालच्या मार्गदर्शिकेनें मुलांच्या मिस्सेपुरती, तीही धर्माध्यक्षांच्या नियमांस अनुसरून, कांहीं मोकळीक दिली. हेतु एकच: देवापुढें माणसानें स्वतःच्या तोंडानें गावें. फादर थॉमस स्टीफन्स यांचें क्रिस्तपुराण १६१६ सालीं राचोल येथें छापलें गेलें. मराठी अक्षरांचे खिळे नव्हते, म्हणून तें रोमन लिपींत छापावें लागलें. छापखाना परका, लिपि परकी; पण ओवी आपली होती, म्हणून तें लोकांच्या कंठांत राहिलें.

या विवेचनावरून कांहीं व्यावहारिक सूचना निघतात.

चाल रचतांना शब्दांचें वजन आधीं पाहावें. ओवी-अभंगाची घडण ज्याच्या कानांत आहे, त्याची चाल मंडळीस पहिल्या दिवशींच उचलतां येते. स्वरांचा पल्ला सप्तक-सव्वासप्तकाच्या आंत ठेवावा. बाया, पुरुष व मुलें यांस एकत्र गावयाचें असतें. पट्टी दाबल्यावर नाद उशिरां येत असेल, तर वाद्यास दोष देऊं नये: एका सेकंदाचे ४४,१०० सूक्ष्म अंश धरिले, तर ५१२ अंशांच्या राशीस सुमारें बारा सहस्रांश सेकंद लागतात. रास लहान करावी म्हणजे विलंब घटतो. अति लहान केली तर मात्र नाद तुटूं लागतो. गीताचे शब्द मंदिरांत गाण्यापूर्वीं धर्मगुरूंस दाखवावे. परक्याची चाल आपली म्हणून देऊं नये. आणि तयार झालेलें गीत गायनवृंदास फोनवर पाठवावें, म्हणजे द्राक्षबागेंत वा दुकानांत असतांही प्रत्येकास आपला भाग पाठ करितां येईल. रविवारीं मात्र फोन खिशांत व गाणें ओठांवर असावें.

अलीकडे दोन ओळी टंकून दिल्या असतां संपूर्ण गाणें रचून देणारींही यंत्रें निघालीं आहेत. त्यांविषयीं पवित्र शास्त्रांतील एक प्रसंग पुरे आहे. दावीद राजास वेदी बांधावयाची होती, तेव्हां अरवनानें आपलें खळें, बैल व लांकडें फुकट देऊं केलीं. दावीदानें तीं फुकट घेतलीं नाहींत. ज्यास आपणांस कांहीं पडलें नाहीं, असें अर्पण देवास करण्याचें त्यानें नाकारिलें, व खळें आणि बैल पन्नास शेकेल रुपें मोजून विकत घेतले. गीत हेंही अर्पणच. ज्यानें रात्रीं जागून चार सूर जुळविले, पुसले, पुन्हां जुळविले, त्याचें गीत ओबडधोबड असलें तरी त्याचें मोल दिलें गेलेलें आहे.

तेव्हां वडील मंडळींस आमची विनंति अशी कीं, घरांतील दिवा उशिरांपर्यंत जळतो म्हणून मुलांवर रागावूं नका. एकदां त्यांच्याजवळ बसून ऐका. आणि तरुणांनो, तुम्हीं कानांवरची आवरणें काढून आजोबांच्या पेटीपाशीं या. संत सिसिलियेचा सण २२ नोव्हेंबर रोजीं येतो. त्या दिवशीं आपल्यांतील कोणीं रचलेलें एक तरी नवें मराठी गीत सर्व धर्मग्रामानें उभें राहून, मोकळ्या कंठानें गावें, अशी आमची इच्छा आहे. ती पुरी करण्याचें सामर्थ्य प्रभु आपणां सर्वांस देवो.