आधी प्रोग्राम बघा, मग हीटर

समोरून दार असलेल्या वॉशिंग मशीनमध्ये
पाणी तापवायला आतच हीटर असतो.
पाणी तापत नाही अशी शंका आली, तर एक क्रम लक्षात ठेवा.
आधी प्रोग्राम बघा, मग हीटर.

कपडे काढताना गार लागले,
म्हणून मशीन बिघडलं असं नाही.
शेवटचं खळबळणं गार पाण्यातच होतं.
झटपट धुण्याच्या प्रोग्राममध्येही पाणी फारसं तापत नाही.

म्हणून सुती कपड्यांचा प्रोग्राम लावा.
तापमान 60 अंशांवर ठेवा.
अर्ध्या तासाने दाराच्या काचेला हळूच हात लावून बघा.
काच गरम लागली, तर हीटर चालू आहे.
काच गारच राहिली, तर बिघाड आत आहे.

हा बिघाड बहुधा तीन ठिकाणी सापडतो.
एक, हीटर जळलेला असतो.
दोन, तापमान मोजणारा सेन्सर बिघडतो.
तीन, हीटरची वायर सैल होते.

बोअरचं पाणी जड असेल,
तर हीटरवर क्षारांचा पांढरा थर बसतो.
उष्णता पाण्यात नीट उतरत नाही.
मग हीटर स्वतःच तापून जळतो.
म्हणून क्षार काढण्याची पावडर वेळोवेळी वापरा.

मशीन पाणी तापवू लागताच घरातला ब्रेकर पडतो का?
मग मशीन पुन्हा लावू नका.
प्लग काढा आणि जाणत्या मेकॅनिकला बोलवा.
मागचं झाकण स्वतः उघडू नका.

तर श्रोतेहो, पुन्हा एकदा सांगते.
आधी प्रोग्राम बघा, मग हीटर.