सांठवण आणि अडगळ
(वाटूर येथें महोत्सवानिमित्त केलेलें भाषण)



या मेळाव्यांत कांहीं बोलावें अशी आज्ञा झाली, तेव्हां कोणता विषय घ्यावा याचा मीं पुष्कळ विचार केला. विद्वान् वक्त्यांनीं आपणांस थोर थोर गोष्टी सांगितल्याच आहेत व पुढेंही सांगतील. मीं मात्र घरांतल्या माळ्याचा विषय निवडला आहे. कृपा करून हंसूं नका. आपल्यापैकीं प्रत्येकाच्या घरीं एखादा माळा, एखादा कोपरा किंवा पलंगाखालची जागा अशी असते कीं, पाहुणा येणार असें कळतांच आपण प्रथम तिच्यावर पडदा ओढतों. त्या पडद्यामागें काय आहे, तें कां सांचलें, आणि तें तेथून निघालें तर कोणाचा काय लाभ होतो, एवढेंच मला सांगावयाचें आहे.

माझ्या लहानपणीं आमच्या घरांत आजीची उतरंड होती. तळाशीं मोठें मडकें, त्यावर लहान, त्यावर त्याहून लहान. एकांत तुरीची डाळ, एकांत बियाण्याची ज्वारी, सर्वांत वरच्यांत मीठ. रात्रीं दिवा नसतांनाही आजी हात घालून नेमकें हवें तेंच मडकें काढी; तिचा हात चुकल्याचें मला आठवत नाहीं. त्याच घरांत आजोबांची एक कोठडी होती. तींत मोडकी तिफण, फुटका कंदील, गंजलेले डबे, तुटक्या दोऱ्या आणि एका चाकाची सायकल असा संसार होता. सांठविलेलें दोन्हीकडे होतें. परंतु आजीला प्रत्येक मडक्याची जागा, उपयोग व मुदत ठाऊक होती. आजोबांना कोठडींत काय आहे हेंच ठाऊक नव्हतें. पहिलीला मी सांठवण म्हणतों आणि दुसरीला अडगळ.

या दोघी एकाच आईच्या लेकी आहेत, आणि त्या आईचें नांव टंचाईचें भय. ज्यांनीं १९७२ चा दुष्काळ पाहिला, ज्यांनीं रोजगारासाठीं खडी फोडली व परदेशाहून आलेली मिलो ज्वारी खाऊन दिवस काढले, त्यांनीं दोरीचा तुकडासुद्धां टाकूं नये यांत नवल काय? शहरांतील कोणी येऊन त्यांस ‘जुनें सारें फेकून द्या’ असा उपदेश करूं लागला, तर मला तो रुचत नाहीं. फाटक्या लुगड्यांची वाकळ शिवणाऱ्या आमच्या बायांनीं काटकसर कोणाकडून शिकावी? पण भयानें ठेवलेली वस्तु कधीं कधीं भयापेक्षांही वाईट ठरते. कापसावर फवारलेल्या कीटकनाशकाचा रिकामा डबा ‘चांगला आहे, धुऊन घेऊं’ म्हणून पाण्याला किंवा तेलाला वापरणारीं घरें मीं पाहिलीं आहेत. धुतल्यानें तें विष जातें असा भरंवसा कोणीही बाळगूं नये. तो डबा भोंके पाडून निकामीच केला पाहिजे.

थर कसे चढतात आणि शेवटीं त्यांचा भार कोणावर येतो, याचें दारुण उदाहरण आपल्याच मराठवाड्यानें पाहिलें आहे. आपलीं जुनीं घरें माळवदाचीं. पावसाळ्यापूर्वीं गळती थांबविण्याकरितां माळवदावर माती पसरावयाची, हा पिढ्यान्‌पिढ्यांचा रिवाज. जुन्या थरावर नवा थर घालणें सोपें, जुना खणून काढणें कष्टाचें. म्हणून डोक्यावरचें ओझें वर्षागणिक वाढत गेलें. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं पहांटे, चार वाजण्याच्या किंचित् आधीं, लातूर जिल्ह्यांतील किल्लारीच्या परिसरांत धरणीकंप झाला. जगांत याहून मोठे धक्के अनेक झाले आहेत. पण येथें मातींत रचलेल्या दगडी भिंती आणि त्यांवरचीं तीं जड माळवदें झोपलेल्या माणसांवर कोसळलीं, आणि हजारों जीव गेले. त्या लोकांस दोष देण्याचें धाडस मी करणार नाहीं. गळतीपासून लेंकरांना वांचविण्यासाठींच त्यांनीं ती माती चढविली होती.

आतां रोजच्या संकटाकडे वळूं. भिंतीलगत रचलेल्या पऱ्हाट्या व तुराट्या, गोवऱ्यांचा ढीग, कोपऱ्यांतील जुनीं पायताणें, महिनोन्‌महिने न हललेलीं पोतीं, या ठिकाणीं विंचवाला हवा तसा अंधार व निवारा मिळतो. पोत्यांमागें उंदीर येतात, आणि उंदरांमागें साप. मण्यार रात्रीं फिरते, जमिनीवर निजलेल्यास दंश करते, आणि तो दंश इतका कमी दुखतो कीं, पुष्कळदां माणसास तो कळतही नाहीं. आपल्याच जालना जिल्ह्यांतील देहेड या गांवीं जन्मलेले डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनीं कोंकणांत महाडकडे राहून विंचूदंशावर प्राझोसिन या औषधाचा उपचार रूढ केला व असंख्य प्राण वांचविले. २०२२ सालीं त्यांस पद्मश्री मिळाली. त्यांचा आपणांस अभिमान वाटावा हें योग्यच आहे. परंतु औषध दंशानंतर द्यावयाचें असतें. सरपण घरापासून दहा पावलें दूर रचण्याचें काम आधीं करावयाचें असतें, आणि त्याला डॉक्टर लागत नाहीं. दंश झालाच, तर मात्र मांत्रिकाकडे वेळ न दवडतां सरळ दवाखाना गांठावा.

पाण्याची गोष्ट अधिक नाजूक आहे. टँकर केव्हां येईल याची शाश्वती नसते, म्हणून आपण पिंपें, घागरी, हंडे सर्व भरून ठेवतों. २०१६ सालीं लातूरला मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें, हें ज्यांनीं पाहिलें त्यांना पाणी सांठवूं नका असें कोण सांगेल? परंतु डेंगीचा डास याच स्वच्छ, सांठलेल्या पाण्यांत वाढतो. अंड्यापासून डास होण्यास सुमारें एक आठवडा लागतो. म्हणून आठवड्यांतून एकदां भांडें रिकामें करून आंतील कडा घांसून काढावी. नुसतें पाणी ओतून भागत नाहीं, कारण अंडीं कडेला चिकटून कोरडींही कित्येक महिने टिकतात. आणि फुटकीं मडकीं, जुने टायर, नारळाच्या करवंट्या अंगणांत पडलेल्या असल्या, तर आंतल्या पिंपावर झांकण ठेवून अर्धेंच काम होतें.

कागदांविषयीं थोडें विस्तारानें बोलतों, कारण तेथें माझें मत उलट बाजूला झुकतें. २०२३ सालीं आपल्या जिल्ह्यांतील अंतरवाली सराटी येथील आंदोलनानंतर निजामकालीन कुणबी नोंदी शोधण्यासाठीं सरकारनें न्यायमूर्ति संदीप शिंदे यांची समिति नेमली. त्या प्रश्नाच्या वादांत मला शिरावयाचें नाहीं. पण मोडींत व उर्दूंत लिहिलेल्या ज्या कागदांकडे पिढ्यान्‌पिढ्या कोणी पाहिलें नव्हतें, त्यांना एकाएकीं केवढें मोल आलें! तेव्हां जुना कागद वाचतां येत नाहीं म्हणून तो बंबांत घालूं नये. सातबारा, बाप्तिस्म्याचा व जन्माचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, कर्जफेडीची पावती हीं सर्व एका पत्र्याच्या पेटींत, वाळवी लागणार नाहीं अशा उंचीवर असावींत, आणि ती पेटी कोठें आहे हें घरांतील निदान दोघांना ठाऊक असावें. कर्त्या पुरुषाच्या अचानक मृत्यूनंतर विधवेनें एका पावतीसाठीं चार पेट्या उलथ्या केल्याचें मीं डोळ्यांनीं पाहिलें आहे. पावती मिळाली नाहीं, आणि फिटलेलें कर्ज तिला पुन्हां फेडावें लागलें. दहा नाण्यांपैकीं एक हरवल्यावर दिवा लावून घर झाडणाऱ्या स्त्रीचा दृष्टांत आपण लहानपणापासून ऐकला आहे. मला त्यांत एक गोष्ट नेहमीं जाणवते: आपलीं नाणीं दहा आहेत हें तिला ठाऊक होतें, म्हणूनच एक कमी आहे हें तिला कळलें.

पुरुषमंडळींना थोडें कडू सांगतों. अमेरिकेंतील लॉस एंजेलिस येथें सुमारें तीस जोडप्यांना आपापलें घर दाखवीत त्याचें वर्णन करावयास सांगितलें होतें. तो अभ्यास २०१० सालीं प्रसिद्ध झाला. ज्या स्त्रियांच्या बोलण्यांत पसारा आणि अपुरीं कामें यांचे उल्लेख अधिक आले, त्यांच्या शरीरांतील ताणाचें द्रव्य दिवस मावळेपर्यंत जसें उतरावें तसें उतरत नव्हतें. पतींच्या बाबतींत असा संबंध दिसला नाहीं! आपल्याकडे असा अभ्यास करण्याची गरज मला वाटत नाहीं. पसारा बहुधा सर्वांचा असतो. तो हलविण्याचें, त्यांतून हवी ती वस्तु हुडकण्याचें आणि न सांपडल्यास बोलणीं खाण्याचें काम मात्र एकटीचें असतें. म्हणून माळा उतरविण्याच्या दिवशीं शिडी धरावयास पुरुषानें उभें राहावें, आणि खालीं आलेल्या आपल्या वस्तूंचा निकाल आपणच लावावा. दुसऱ्याची वस्तु त्यास न विचारतां भंगारवाल्याला देऊं नये, विशेषतः वृद्धांची. त्यांना त्या वस्तूंत जें दिसतें तें आपणांस दिसत नाहीं.

आम्हीं आजोबांची ती कोठडी गेल्या उन्हाळ्यांत रिकामी केली. दोन रविवार लागले. लोखंड भंगारांत गेलें, लांकूड चुलींत गेलें, एका ढिगाखालीं विंचवीण पिलांसह निघाली, आणि एका डब्यांत आजोबांच्या हातची, पेन्सिलीनें लिहिलेली बैलाच्या खरेदीची चिठ्ठी सांपडली. त्या कोठडींत आतां नातवंडें अभ्यासाला बसतात. तिफणीचा एक दांता मात्र धाकट्या भावानें मागून घेतला. कशाला, तें त्यानें सांगितलें नाहीं व आम्हीं विचारलें नाहीं. आजीच्या उतरंडीपैकीं तीन मडकीं अजून शाबूत आहेत. मीठ आजही वरच्याच मडक्यांत असतें.