हिमालय ओलांडून निफाड तालुक्यात

बीबीसीची ‘प्लॅनेट अर्थ’ ही 2006 सालची मालिका तुमच्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. तिच्या पर्वतांवरच्या भागात कांड्या करकोच्यांचे थवे हिमालय ओलांडताना दिसतात. वाऱ्याशी झुंजतात, सोनेरी गरुडाला चुकवतात. थवा पलीकडे पोचला की कॅमेरा दुसरीकडे वळतो. पण पाखरांचं पुढे काय होतं?

त्यांतले कोणते थवे कुठे उतरतात, हे सांगणं अवघड. मात्र याच जातीचे करकोचे हिवाळ्यात आपल्या निफाड तालुक्यातल्या नांदूर मधमेश्वरलाही येतात. नाशिकच्या द्वारका चौकातल्या गर्दीतून एकदा सुटलात, की अंतर चाळीसेक किलोमीटर.

गंमत म्हणजे हा अधिवास माणसानंच घडवला, तोही नकळत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ सिंचनासाठी बंधारा बांधला. त्यामागे वर्षानुवर्षं गाळ साचला, पाणी उथळ झालं, बेटं तयार झाली, पाणवनस्पती वाढल्या. धरणासाठी गाळ म्हणजे डोकेदुखी. उथळ पाण्यात चोच फिरवत खाणं शोधणाऱ्या चमच्या पक्ष्याला आणि थापट्या बदकाला मात्र तीच मेजवानी! इथे दोनशेहून अधिक जातींच्या पक्ष्यांची नोंद आहे. 1986 मध्ये अभयारण्य झालं, आणि महाराष्ट्रातलं पहिलं रामसर पाणस्थळ होण्याचा मानही यालाच मिळाला.

नोव्हेंबर ते फेब्रुवारीत जा, उन्हं चढायच्या आत. दुर्बीण न्या, भडक कपडे टाळा आणि पाखरं उडवून फोटो काढू नका.