ओळखीचे शहर

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी समारंभात केलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने चार शब्द बोलण्याची आज्ञा कार्यकारिणीने आम्हांस केली. अशा प्रसंगी महाराष्ट्राच्या थोर परंपरेविषयी बोलण्याचा प्रघात आहे. तो आज आम्ही थोडा बाजूस ठेवणार आहो. ज्या गावाच्या पाण्यावर आपली मुले वाढली, त्या आपल्या बडोद्याविषयी आपण फार क्वचित बोलतो. पाहुणा आला की त्याला लक्ष्मीविलास राजवाडा दाखवितो, सयाजीबागेत फिरवितो आणि सुरसागराच्या काठी बसवितो. "पण इथे राहणे कसे असते हो?" असे त्याने विचारले, की "बरे आहे, निवांत आहे" एवढे सांगून मोकळे होतो. त्या 'बरे आहे' मध्ये काय काय सामावले आहे, याचा आज थोडा विचार करावा असे मनात आहे.

प्रथम आकाराची गोष्ट. २०११ च्या जनगणनेत मुंबईची वस्ती सव्वा कोटीच्या घरात होती, अहमदाबादची ५५ लाखांच्या आसपास आणि बडोद्याची १६ लाखांच्या वर. म्हणजे आपले शहर खेडे खचित नव्हे, आणि महानगर म्हणावे तर महानगरवाले हसतील. अशा मधल्या आकाराच्या शहरांविषयी कोणी फारसे लिहीत नाही. खेड्याची ओढ लागते, महानगराचे आकर्षण असते. मध्यम शहराचे मात्र कोणाला काही वाटत नाही, अशी समजूत आहे. आमचे म्हणणे थोडे निराळे आहे. खेड्यात माणसाला ओळख जन्माबरोबर मिळते. ती नको म्हटली तरी सुटत नाही. महानगरात ओळख मिळविण्यास उसंत नसते. मध्यम शहरात ओळख आयती मिळत नाही, पण मिळवू म्हटले तर माणसाच्या एका आयुष्यात मिळविता येते. हाच या आकाराचा खरा गुण होय, आणि पुढे सांगणार आहो त्याप्रमाणे हीच त्याची कसोटीही होय.

रोजच्या व्यवहारात हे कसे दिसते ते पाहावे. खंडेराव मार्केटात भाजीवाली आपल्याला नावाने नसले तरी चेहऱ्याने ओळखते. ज्या गृहस्थाशी सकाळी कचेरीच्या खिडकीपाशी आपली शब्दाशब्दी झाली, तोच संध्याकाळी गाण्याच्या बैठकीत शेजारच्या खुर्चीवर बसलेला असतो आणि महिन्याभराने कोणाच्या तरी लग्नाच्या पंगतीत समोर येतो. महानगरात भांडून माणूस गर्दीत नाहीसा होऊ शकतो. येथे नाहीसे होण्याची सोय नाही. म्हणून येथील माणूस बोलताना जरा जपून बोलतो. त्याला आपण 'बडोद्याची संस्कारिता' असे भारदस्त नाव देतो. त्यात संस्काराचा भाग आहेच, परंतु उद्या पुन्हा भेटावयाचे आहे या जाणिवेचाही भाग मोठा आहे.

ही ओळख भाषेत आणि ताटातही उतरली आहे. आपल्या घरातले मूल 'चालेल' म्हणता म्हणता 'चालशे' म्हणून जाते आणि कोणाच्या ते ध्यानातही येत नाही. शेजारचे गुजराती काका आपल्याशी मोडक्या का होईना, पण मराठीत बोलतात. शेवउसळ हा आज साऱ्या बडोद्याचा पदार्थ झाला आहे. गुजराती ग्राहकही दुकानात बसून 'तरी' मागतो, आणि तो शब्द आपल्या स्वयंपाकघरातून त्याच्या तोंडी गेला हे त्याला ठाऊक असण्याचे कारण नाही. १४ जानेवारीस आपण गच्चीवर तिळगूळ घेऊन जातो आणि खाली येतो तो उंधियू जेवून. गणपतीच्या दहा दिवसांत सारे शहर आपले होते. नवरात्राच्या नऊ रात्री आपल्या लेकीसुना गरब्यात असतात आणि त्यांतली गुजराती कोण, मराठी कोण, हे ओळखू म्हटले तरी ओळखता येत नाही.

परंतु मधल्या आकाराच्या प्रत्येक शहराला अशी समृद्धी लाभत नाही. १७३४ च्या सुमारास बडोदे गायकवाडांच्या हाती स्थिरावले आणि सरदार, शिलेदार, कारकून, पुजारी, गवई असे आपले पूर्वज मुठीमुठीने येथे आले. पुढे नाशिककडच्या कवळाण्याचा एक मुलगा १८७५ मध्ये दत्तक आला, १८८१ मध्ये त्याने कारभार हाती घेतला, आणि सयाजीराव महाराजांनी या गावाला त्याच्या अंगापेक्षा मोठी हाडे दिली. अमरेली भागात १८९३ मध्ये आणि सबंध राज्यात १९०६ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे झाले. १९१० मध्ये मध्यवर्ती ग्रंथालय उभे राहिले आणि तेथून पुस्तकांच्या पेट्या खेडोपाडी जाऊ लागल्या. कलाभवनात दादासाहेब फाळके शिकले. विनोबांचे विद्यार्थिदशेतले दिवस येथे गेले. अरविंदबाबू १८९३ पासून १९०६ पर्यंत येथे राहिले. फैयाजखाँसाहेबांचे गाणे येथे दरबारी होते. मराठी साहित्य संमेलने या परमुलखात १९०९, १९२१ आणि १९३४ मध्ये भरली, आणि २०१८ मध्ये पुन्हा भरले. हे सर्व ज्या गावात घडले ते गाव त्या काळी पायी पालथे घालता येण्याजोगे होते. ग्रंथालय, बाग, गायनशाळा आणि दवाखाना एका माणसाच्या चालण्याच्या आवाक्यात असणे, ही श्रीमंतीची एक निराळी जात आहे.

पुढे १९४९ मध्ये संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि १९६० मध्ये गुजरात राज्य झाले. आपण जागचे हललो नाही, सरहद्द मात्र आपल्यावरून निघून गेली. त्याच सुमारास खतांचा कारखाना, कोयलीचा तेलशुद्धी कारखाना, पेट्रोरसायने यांनी मराठी माणसांचा दुसरा ओघ आणला. हे लोक वाड्यांतले नव्हते. नेमणुकीचा कागद आणि दोन ट्रंका घेऊन स्टेशनावर उतरलेले होते. आपले मंडळ या दोन्ही ओघांचा संगम आहे. जुन्यांपाशी गाव होते, नव्यांपाशी उमेद होती.

आता त्या कसोटीकडे वळतो. हा भाग आनंदाच्या प्रसंगी सांगावा की नाही, याचा आम्ही पुष्कळ विचार केला. परंतु पन्नास वर्षांच्या संस्थेला हे ऐकण्याचे बळ असावे, अशी आमची खात्री आहे.

१९१३ मध्ये सयाजीराव महाराजांनी एका मराठी तरुणास शिष्यवृत्ती देऊन अमेरिकेस पाठविले. करार असा होता, की परत आल्यावर त्याने बडोदे संस्थानची नोकरी करावी. तो तरुण कोलंबिया विद्यापीठात शिकला, लंडनला गेला, आणि वचनास जागून १९१७ मध्ये बडोद्याच्या स्टेशनावर उतरला. त्याचे नाव भीमराव रामजी आंबेडकर. त्याच्या हाती मोठ्या विद्यापीठाची विद्या होती, दरबारची नेमणूक होती. नव्हते ते राहावयास घर. या गावात त्याला कोणी खोली दिली नाही. पारशांच्या एका पथिकाश्रमात पारशी नाव लावून तो काही दिवस राहिला. ते उघडकीस येताच लाठ्या घेतलेले लोक दाराशी आले आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्यास त्यांनी फर्माविले. त्याने दोन मित्रांकडे विचारून पाहिले. दोघांनीही आपापली अडचण सांगितली. शेवटी मुंबईची गाडी येईपर्यंतचे तास त्याने कामाठीबागेत, म्हणजे आपल्या सयाजीबागेत, काढले. हा प्रसंग बाबासाहेबांनी स्वतः पुढे लिहून ठेविला आहे. ज्या वडाखाली ते बसले असे सांगतात, ती जागा आज संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते आणि तेथे दूरदूरचे लोक माथा टेकावयास येतात.

बंधुभगिनींनो, या हकीकतीचा आपल्या आजच्या विषयाशी संबंध काय? संबंध फार जवळचा आहे. आम्ही मघाशी म्हटले, की मध्यम शहरात माणसे एकमेकांना ओळखतात. १९१७ च्या बडोद्यात नेमके तेच घडले. "आडनाव काय? कुठले? कोणांपैकी?" हे प्रश्न आपण ओळख वाढविण्यासाठी विचारतो; त्याच प्रश्नांनी त्या दिवशी दारे लावून घेतली. महाराज उदार होते, कायदे उदार होते, ग्रंथालय सर्वांना उघडे होते. पण घरभाड्याची खोली महाराजांच्या हाती नव्हती. ती आपल्यासारख्या साध्या, सभ्य, 'उद्या पुन्हा भेटावयाचे आहे' म्हणून जपून बोलणाऱ्या लोकांच्या हाती होती. चार लोक काय म्हणतील, या भीतीने सभ्यता गप्प बसली. शहराचा मोठेपणा राजवाड्याच्या घुमटावर मोजीत नाहीत. अनोळखी माणसाला पहिल्या रात्री कोठे टेकता येते, यावरून तो मोजावा.

आणि हा प्रश्न इतिहासजमा झाला आहे, असेही समजू नये. घर भाड्याने देताना आजही आडनाव विचारले जाते. मराठी माणसालाही अधूनमधून "स्वयंपाकघरात काय शिजते?" असा प्रश्न ऐकावा लागतो, आणि तो मनाला लागतो. ज्याला तो लागला, त्याने स्वतःच्या वरच्या मजल्याची खोली देताना तो दुसऱ्याला विचारू नये, एवढे तरी आपल्या हाती आहे.

ओळखीचे उजळ रूपही आपण अलीकडेच पाहिले. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीला पूर आला, शहराच्या कितीतरी वस्त्या पाण्यात गेल्या, आणि नदीतल्या मगरी रस्त्यांवर आल्याच्या वार्ता साऱ्या देशाने वाचल्या. पाहुण्यांना त्या मगरींचे कौतुक वाटले. आम्हांला आठवतात ते जिने. तळमजल्यावरची म्हातारी माणसे वरच्या मजल्यावर नेली गेली. एका चुलीवर तीन बिऱ्हाडांची खिचडी शिजली. कोणाचे औषध संपले आहे हे शेजाऱ्यास ठाऊक होते, कारण तो त्यांना ओळखत होता. कोणत्याही महापालिकेच्या दप्तरात हे ज्ञान नसते. ते फक्त जिन्यांत आणि ओट्यांवर साठते.

हा साठा आज कमी होत आहे. आपली मुले शिकतात आणि पुण्याला, बंगळूरला, सातासमुद्रापलीकडे जातात. दांडिया बाजारातल्या, रावपुऱ्यातल्या जुन्या वाड्यांच्या दारांवर कुलपे दिसतात, नाही तर तेथे नव्या इमारती उठतात. मराठी शाळांचे वर्ग रोडावले. नातवंडे आजीशी मराठीत बोलतात खरी, पण पुस्तक देवनागरीतले असले तरी मराठीचे म्हणून हाती घेत नाहीत. यात कोणाचा दोष काढण्यासाठी आम्ही उभे नाही. आपले पूर्वजही पोटासाठीच घर सोडून येथे आले होते. मुलांनी जाऊ नये असे आपण कोणत्या तोंडाने म्हणावे? विचार करावयाचा तो मागे राहिलेल्यांचा आणि नव्याने येणाऱ्यांचा.

म्हणून पुढील पन्नास वर्षांसाठी मंडळापुढे तीन लहान गोष्टी ठेवतो. नव्याने बदली होऊन आलेल्या कोणत्याही कुटुंबाला, त्याचे आडनाव न पाहता, घर मिळेपर्यंत मंडळाने आपले म्हणावे. एकट्या राहणाऱ्या वडीलधाऱ्यांची एक यादी ठेवावी आणि आठवड्यातून एकदा कोणी तरी त्यांच्या दारी जावे. निमित्त ग्रंथालयाचे पुस्तक बदलण्याचे असले तरी पुरे. आणि रविवारी एक तास मुलांनी मराठी वाचावे. त्या वर्गाचे दार शेजारच्या गुजराती, सिंधी, तमिळ मुलालाही उघडे असावे. कारण जी भाषा शेजाऱ्याला शिकवावीशी वाटते, ती आपल्या मुलांनाही शिकण्याजोगी वाटते.

ही तिन्ही कामे महानगरात कठीण आहेत. तेथे अंतरेच माणसाला थकवितात. आपल्या गावात अजून एका टोकाचा माणूस दुसऱ्या टोकाच्या आजाऱ्यास भेटून रात्रीच्या जेवणाला घरी परत येऊ शकतो. शहर वाढते आहे. ही सोय किती काळ टिकेल ते आपल्या हाती नाही. ती आहे तोवर वापरणे मात्र सर्वस्वी आपल्या हाती आहे.