रोज एक कार्ड

(मंडळाच्या गणेशोत्सवात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



कलेवर बोलायला समितीने मला उभे केले, याचे आश्चर्य वाटण्याचा पहिला हक्क माझाच! मी सिव्हिलचा डिप्लोमावाला, नोकरी रुळांची आणि चित्रकलेतले शिक्षण शाळेतल्या एलिमेंटरी परीक्षेपर्यंत. तरी गेली चार वर्षे आमच्या घरी रोज एक छोटे कार्ड तयार होते. त्याविषयी सांगतो.

जुन्या लग्नपत्रिकेतून पोस्टकार्डाएवढा, 14 बाय 9 सेंटिमीटरचा तुकडा कापायचा. त्यावर त्या दिवशी हाती आलेले काहीतरी चिकटवायचे. बसचे तिकीट, औषधाच्या खोक्याची कड, शिंप्याकडची चिंधी, काहीही चालते. वर पेनाच्या दोन रेघा, हळदीचा किंवा चहाचा एक हात आणि मागे तारीख. वेळ वीस मिनिटे.

'टाकाऊतून टिकाऊ' म्हटले की आपल्याला पेनस्टँड नाहीतर तोरण लागते. या कार्डाचा तसा काही उपयोग नाही. ते फक्त त्या दिवसाचे असते.

याचे घराणे मात्र मोठे आहे. जर्मनीतल्या हॅनोवर शहरात कुर्ट श्विटर्स या चित्रकाराने पहिल्या महायुद्धानंतर ट्रामची तिकिटे, वेष्टने आणि कात्रणे चिकटवून चित्रे केली. एका बँकेच्या नावातून कापलेला 'मेर्त्स' हा तुकडाच 1919 मध्ये त्याच्या कलेचे नाव झाला. आपण राहतो त्या बंगालमध्ये शांतिनिकेतनचे बिनोदबिहारी मुखर्जी यांची दृष्टी 1957 मध्ये गेली. त्यानंतरही ते कागद कापून, चिकटवून चित्रे करीत राहिले.

बिनोदबिहारींचे उदाहरण मला आईमुळे जवळचे वाटते. वडील गेल्यावर ती भुसावळहून आमच्याकडे आली. वय 76, एका डोळ्यात काचबिंदू, बांगला येत नाही, हिंदी जेमतेम. आम्ही कामावर आणि मुले शाळेत गेली की दिवसभर खिडकीशी बसून असायची. कात्रणांचा डबा आम्ही तिच्या स्वाधीन केला. पहिल्या आठवड्यात तिने वडिलांच्या जुन्या सदऱ्याची पट्टी चिकटवली आणि त्या सदऱ्याची गोष्ट मुलांना सांगितली. आता शेजारच्या बंगाली मावशी जुन्या साड्यांच्या काठांचे दोरे आणून देतात. दोघींना एकमेकींची भाषा कळत नाही, पण दुपारी तासभर आमचे दार उघडे असते.

करू इच्छिणाऱ्यांसाठी तीन सूचना.

१) खळ मैद्याची करावी. चिमूटभर मोरचूद घातले तर कीड लागत नाही. मात्र मोरचूद विषारी आहे, मुले हाताळणार असतील तर घालूच नये आणि खळ रोज ताजी करावी.

२) ओला कागद फुगतो आणि वाळताना आकसतो, म्हणून एकाच बाजूला चिकटवलेले कार्ड वाकते. मागेही तेवढाच कागद लावावा म्हणजे दोन्हीकडचा ताण सारखा होतो. रात्रभर जाड पुस्तकाखाली ठेवावे.

३) दुकानातल्या गुळगुळीत थर्मल पावत्या टाळाव्यात. त्यांवरची अक्षरे उडून जातात.

'रोज कशाला?' असे लोक विचारतात. आपला कीमन रोज आपला पट्टा पायी चालतो, एखादी सैल चावी ठोकतो आणि पुढे जातो. महिन्यातून एकदा सगळे ठोकू म्हटले तर चालेल का? मनाचेही तसेच आहे.

आपली नोकरी बदलीची. क्वार्टर सुटते, शेजार सुटतो. आमच्या ट्रंकेत चौदाशेवर कार्डे आहेत. पुढच्या बदलीला ती आमच्याबरोबर येतील आणि त्यांत खरगपूरची दुपार असेल.

ज्यांच्या घरी आई-वडील गावाहून येऊन राहिले आहेत, त्यांना माझी खास विनंती आहे. विसर्जनानंतर मखराचे रंगीत कागद फेकू नका. मंडपात मी कापलेले पुठ्ठे ठेवले आहेत. जाताना दोन्ही घेऊन जा आणि पहिले कार्ड त्यांच्याकडूनच करून घ्या.

गणपती बाप्पा मोरया!